वरची आठ घरं

भिकाबाईनं नव्या नळाची तोटी फिरवली आणि पाणी असं उसळलं, की घागर भरून पायापर्यंत ओघळ आला. तांड्यात पहिलं पाणी प्रमुखाच्या, नाईकाच्या घरचं. तो मान तिनं कोपरापर्यंतच्या बांगड्या मागं सारत घेतला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात टेकाडावरून मिराबाईची हाक आली.

"नाईकणबाई, आमच्या नळातून नुसतं वारं येऊन राहिलं!"

वरची आठही घरं कोरडी होती.

इंजिनियर योगेशनं मान खाली घातली. होळीआधीच्या बैठकीत त्यानंच विचारलं होतं, "सगळं काम एकदम आखून करायचं, का एकेक टप्पा करून, तपासून पुढं जायचं? तांड्यानंच ठरवा."

तेव्हा भिकाबाईची सून मिना पदराआडून सासूला म्हणाली होती, "याडी, टाकीच्या जागी आधी ड्रम ठेवू. वरल्या घरापस्तोर नळी टाकून पानी चढतंय का बघू. मंग टाकी बांधू."

"तुकड्यातुकड्यानं गोधडी शिवत्यात, नळ न्हाई," भिकाबाईनं सुनेला तिथंच गप्प केलं. "सातवी शिकली म्हून सासूला शिकवतीस व्हय? समदे नळ एकाच दिवशी सुटतील." लोक पोट धरून हसले. भिकाबाईला ते हसणं गोड लागलं होतं.

आता टाकी सिमेंटात उभी होती. चर बुजले होते.

"हे असं एकदम करायचं कुणी ठरवलं?" हिंगोलीहून आलेल्या साहेबांनी विचारलं.

घागर वाहतच होती. तोटी बंद करायचंही भिकाबाईला सुचेना.

मिनानं पुढं होऊन ती बंद केली.

"आमी समद्यांनी, साहेब."

शिवी असती तर भिकाबाईनं दोन परत दिल्या असत्या. तिनं घागर डोक्यावर घेतली, कुणाकडं न बघता टेकाड चढली आणि मिराबाईच्या रांजणात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती रिकामा ड्रम गडगडवत अंगणात आली. खांद्यावर नळीचं वेटोळं होतं.

"वरल्या आठ घरांसाठी कुठं ठेवायचा, दाखव."

मिना चुलीपुढून लगबगीनं उठली. हलक्या आवाजात म्हणाली, "चला याडी, लोक उठायच्या आत ठेवून येऊ."

भिकाबाई ड्रमावर बसली.

"उठू दे त्यांना. तुला हसले तवा समदेच होते की."