समोरचं बंद दार

कचऱ्याच्या बाबतीत इंदूरकराच्या नादी लागू नये, आणि चारुलताबाईंच्या तर मुळीच नाही. सकाळी कचरागाडीचा भोंगा वाजला, की ओल्या-सुक्याचे वेगळे डबे घेऊन त्या फाटकात हजर! समोरच्या घरातली भाडेकरू शिखा मात्र गाडी आली की दारं-खिडक्या लावून घ्यायची, आणि दुपारी गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटवर पिशवी ठेवून यायची.

"महाराणी सकाळी झोपलेल्या असतात," चारुलताबाई यजमानांना म्हणाल्या. "आपलं शहर स्वच्छतेत एक नंबर येतं ते काय अशा लोकांमुळे?"

"एकदा विचारून तर बघ तिला," दिनानाथराव म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? साफ दिसतंय ना!"

चारुलताबाईंनी पिशवी ठेवणाऱ्या शिखाचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. भाडेकरूंना त्या ग्रुपमध्ये घेतच नसत, त्यामुळे उलट बोलणारं कोणी नव्हतं. सगळ्यांनी शाबासकी दिली. घरमालक यशवर्धनजींनी फोटो पाहिला आणि शिखाला महिन्याभरात घर सोडायला सांगितलं.

महिना संपत आला तेव्हा गाडीवरच्या शांताबाई हळहळल्या. "शिखाताई चालल्या म्हणे. बहुत बुरा लगा. आता बाबांना घेऊन कुठे भटकतील?"

"कोणते बाबा?"

"तिचे सासरे, तुकोजीबाबा. मिलमध्ये होते. मिल बंद होऊन जमाना झाला, पण त्यांना काही याद राहत नाही. आमचा भोंगा ऐकला की वाटतं, मिलचा भोंगा झाला, कामाची पाळी चुकणार! डबा मागतात, बाहेर धावतात. एकदा पलासिया चौकातल्या ट्रॅफिकमध्ये सापडले. तिचा नवरा मानपूरला नोकरीला, आठवड्याने येतो. मग गाडी आली की ती दाराला पाठ लावून उभी राहते. उघडेल कशी?"

"पण म्हणून प्लॉटवर कचरा?"

"मीच म्हटलं होतं, बाबा दुपारी झोपले की तिथे ठेवा, मी परतताना उचलते. दुसऱ्या दिवशी पिशवी तिथे कधी दिसली तुम्हाला? तुम्ही फोटो काढला ताई, मला एकदा विचारलं असतं ना!"

अरे देवा! चारुलताबाईंना तोंड लपवावंसं वाटलं. घरी धावत जाऊन त्यांनी यशवर्धनजींना फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं.

"अस्सं?" ते म्हणाले. "असा माणूस घरात आहे हे मला सांगितलंच नव्हतं! उद्या गॅस उघडा ठेवला तर? एक तारीख राहू द्या, रविवारीच घर खाली करा म्हणावं त्यांना."

चारुलताबाईंनी खूप विनवण्या केल्या. फोन कट झाला.

शेवटी त्यांनी समोरचं दार वाजवलं. शिखा खोकी भरत होती. सगळं ऐकून तिने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"बाबांचं सांगितलंत? घर मिळावं म्हणून तर लपवलं होतं, काकू."

"माझं चुकलं ग. आता मी काय करू, सांग."

शिखाला रागवायचंही त्राण नव्हतं. "थोडा वेळ बाबांजवळ बसाल? मी नीट आंघोळ तरी करून येते. आणि कडी लावून घ्या."

चारुलताबाईंनी कडी लावली आणि तुकोजींचा हात धरून बसल्या. शिखा चार महिने समोर राहत होती, तरी त्या या घरात पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि रविवारी ते रिकामं होणार होतं. त्यांना रडू आवरेना.

वाचकहो, समोरच्याला दोषी ठरवण्याआधी एकदा त्याचं दार वाजवा. नंतर वाजवलं तर आपली चूक कळते, पण ती निस्तरणं आपल्या हातात उरत नाही.