माझ्या मापाची खाच

मी एक म्हातारी लिंपेट आहे. समुद्रकाठच्या खडकाला टोपीसारखा शिंपला घट्ट चिकटलेला दिसतो ना, ती मी. वय वर्षं चौदा. मित्रांनो, तरुणपणी मी नर होतो, पुढे मादी झाले. हसू नका, आमच्यात असंच असतं.

घर पाहावं बांधून म्हणतात. मी ते घासून घासून बांधलं. शिंपल्याची कड वर्षानुवर्षं एकाच जागी घासली, तेव्हा कुठे खडकात माझ्या मापाची खाच पडली. भरतीला बाहेर पडायचं, शेवाळ खरवडायचं आणि आपल्याच बुळबुळीत वाटेने घरी परतायचं. दातांत लोखंड आहे माझ्या, उगाच नाही! ओहोटीत कड खाचेत नीट बसली की आत घोटभर पाणी टिकतं. त्यावरच उन्हात जीव तगतो.

दर वर्षी मोजणीच्या बाई येत. मला जागेवरच मोजत, पाठीवरचा लाल ठिपका पुन्हा रंगवत आणि म्हणत, "वाढलीस गं बाई!" मला त्यांचा फार लळा होता.

आज सोबत त्यांचे दीर आले. बाई पाठमोऱ्या बसून वहीत लिहीत होत्या. तेवढ्यात दिरांनी आम्हा पाचजणींना गाफील गाठून सुरीने उचकटलं. अंग फाटल्यासारखं दुखलं हो!

"अहो भावोजी, हे काय केलंत!"

"खालून कशी दिसतात ते बघत होतो, वहिनी. ठेवतो ना परत."

"प्रत्येकीची खाच वेगळी असते!"

"मग सांगा, कुठली कुठे ठेवू?"

बाईंना सांगता येईना. ठिपके आमच्या पाठीवर होते, खडकावर एकही नव्हता. "जागेवर खूण करायचं मला कधी सुचलंच नाही," त्या पुटपुटल्या. मग अंदाजाने एकेकीला बसवलं. मला बोटाने दाबून धरत म्हणाल्या, "इथलीच ना गं तू?"

नव्हते मी तिथली. पण सांगणार कशी?

ती दोघं गेली. कडेखाली फट राहिली आहे आणि तिच्यातून पाणी ठिबकतंय. कोरड्या खडकावर मला सरकता येत नाही. मित्रांनो, कुणालाही उचलण्याआधी ते कुठे राहतं एवढं तरी बघा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझी खाच वीतभर अंतरावर रिकामी आहे. भरतीला अजून चार तास आहेत, आणि आतलं पाणी आत्ताच संपलं.