दोघींना एकच नाव

धाकटीने कादंबरी लिहायला घेतली तेव्हा नमनालाच घडाभर तेल गेलं. आधी पेनच ठरेना. शाईचं पेन घेतलं तर ते गळायला लागलं, आणि दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे बसवणाऱ्या बाईची बोटं निळी असणं दुकानाच्या मालकाला काही रुचेना. बॉलपेन घेतलं तर हात पुढे पळे आणि विचार मागे राही. मग शिसपेन्सिल आणली. तिला टोक काढायचा असा नाद लागला की रविवार संपला तेव्हा पेन्सिली झकास झाल्या होत्या आणि कागद कोरे होते. फोनला तोंडी सांगूनही पाहिलं. पण स्वयंपाकघरात उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, “ती हमसून हमसून रडली,” तोच नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला. तेव्हा तोही प्रयोग गुंडाळला.

“अगं, गाडी कुठली घ्यायची हे ठरवतानाच सगळं पेट्रोल संपवू नकोस,” नवरा म्हणाला. तो मोटार शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक वेळेवर दाबणं हा त्याचा धंदा, आणि घरातही तो तेच करी.

शेवटी घरातला जुना कॉम्प्युटर झटकून पुसून घेतला, आणि कादंबरी सुरू झाली.

कादंबरी हे आपलं निमित्त होतं. धाकटीला एकच गोष्ट जगापुढे मांडायची होती: आईने डोळे मिटले ते इस्पितळात, स्वतःच्या माणसांच्या घरात नाही, आणि हे झालं ताईमुळे. आईला घरी न्यायची वेळ आली त्या दिवशी ताई काय बोलली ते धाकटीच्या मनात कोरलेलं होतं. आई गेल्यापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं. समोरासमोर भांडण्यात ताईचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून धाकटीने हा लांबचा रस्ता धरला. पुस्तक छापून झालं की पहिली प्रत ताईला पाठवायची, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही, हे तिने पहिल्याच ओळीच्या आधी ठरवून टाकलं होतं.

नावांनीही पुष्कळ छळलं. गोष्टीत दोन बहिणी. सोसणाऱ्या बहिणीला, म्हणजे अर्थातच स्वतःला, तिने एक मऊ नाव दिलं, ओठांवरून घरंगळत जाणारं. दुसरीला दिलं टणक, जोडाक्षराचं, उच्चारताना जीभ दातांवर आपटणारं. बाकी नातेवाइकांना तिने नावंच दिली नाहीत. आई ती आई, मामा ते मामा. नावं बसली आणि लिखाण धावायला लागलं. रोज दुकानातून आली की लिहायची, उठताना फाइल त्याच नावाने ठेवायची. जुन्या प्रती ती ठेवत नसे. जुनं हाताशी असलं की मन मागे ओढतं, असं तिचं म्हणणं.

कादंबरी पुरी झाली. नवऱ्याने पहिलं पान वाचलं आणि नेहमीप्रमाणे ब्रेक दाबला.

“दुष्ट कोण ते नावावरूनच कळतंय की. वाचणाऱ्याला काही काम ठेव ना!”

त्याचं म्हणणं तिला आत कुठेतरी पटलं. मऊ नाव वाईट बहिणीला द्यावं, टणक सोसणारीला; म्हणजे वाचक बेसावध सापडेल. नावांची अदलाबदल करायची, एवढंच तर काम. तिने कॉम्प्युटरला सांगितलं, मऊ असेल तिथे सगळीकडे टणक कर. केलं. मग सांगितलं, आता टणक असेल तिथे सगळीकडे मऊ कर. तेही केलं, बिचाऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही. बदल ठेवायचे का, तेवढं मात्र विचारलं. धाकटीने ठणकावून हो म्हटलं, कॉम्प्युटर बंद केला आणि समाधानाने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मऊ मऊला टोमणे मारत होती. मऊने मऊचा हात झटकला, मऊ दार आपटून निघून गेली, आणि दाराच्या अलीकडे मऊ रडत बसली. टणक नाव औषधालाही उरलं नव्हतं.

“असं कसं झालं?” तिने नवऱ्याला विचारलं.

“दोन पेले आहेत, एकात दूध, एकात ताक,” नवरा म्हणाला. “अदलाबदल करायची तर तिसरा पेला नको का? तू सगळं एकातच ओतलंस.”

“मग आता?”

“आता निवड एकेक थेंब.”

तिने सगळी कादंबरी छापून आणली आणि पुन्हा पेन्सिलींकडे वळली, या वेळी रंगीत. ताई असेल तिथे लाल, आपण असू तिथे निळी. सुरुवात सोपी गेली. टोमणा आला की लाल, आसू आले की निळी. पण जसजशी पानं पुढे सरकली तसा तिचा हात अडखळायला लागला. एक बहीण दुसरीला म्हणत होती, ‘तू येतेस, रडतेस आणि जातेस. कपडे कोण बदलतं तिचे?’ ही कोण? रोज इस्पितळात जायची ती ताई. मग रडून जाणारी कोण? हे आपण लिहिलंय? तिने निळी उचलली, ठेवली, लाल उचलली, तीही ठेवली.

पुढे एका पानावर एक बहीण आईची नखं कापत होती. हे तरी आपलंच, म्हणून तिने घाईघाईने निळं केलं. आईचे ते हलके झालेले हात तिला स्वच्छ आठवत होते. मग खाली वाचलं तर कात्री डाव्या हातात होती. डावखुरी होती ताई. धाकटी बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. म्हणजे आपण हे नुसतं पाहिलं होतं, आणि लिहिताना मात्र खुशाल आपल्या नावावर करून घेतलं होतं. तिला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण ज्या वाक्यासाठी एवढा खटाटोप केला ते वाक्य पुढच्याच पानावर होतं.

तिने ते वाचलं. ‘राहू द्या इथेच, घरी कोण करणार?’ मऊ म्हणाली, आणि चष्मा काढून चादरीच्या टोकाने पुसत बसली.

लाल. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पण पेन्सिल कागदाला टेकेना. ताई चष्मा कधी असा पुसत नसे. ताईचा चष्मा धाकटीनेच बनवून दिला होता, आणि तो पुसायचं मऊ फडकं ताई पर्समध्ये जपून ठेवी. मग चादरीने पुसणारी ती आपण होतो की काय? तिने स्वतःचा चष्मा काढून पाहिला, पुन्हा लावला. आठवायला गेली तर ते वाक्य एकदा ताईच्या आवाजात ऐकू येई आणि एकदा स्वतःच्या. जितकं आठवावं तितका गुंता वाढत चालला.

“अहो, हे कोण बोललं असेल?” तिने कागद पुढे केला.

नवऱ्याने वाचलं. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

“मी कुठे होतो तिथे? जी होती तिला विचार.”

“तिला? मी फोन करू?”

“मग काय, कॉम्प्युटरला विचारणार?”

दुपारभर ती घरात उगाच भांडी इकडची तिकडे करत राहिली. मग धीर करून नंबर फिरवला. पलीकडून ताईचा आवाज आला, तसाच, दटावल्यासारखा.

“बोल. सगळं बरं आहे ना? भावोजी बरे आहेत ना?”

“बरे आहेत. ताई, एक विचारायचं होतं. वाचून दाखवते. रागावू नकोस.”

“आधी वाच तर. रागावायचं की नाही ते माझं मी बघेन.”

धाकटीने ते वाक्य वाचलं. नाव गाळून नुसतं ‘ती म्हणाली’ असं वाचलं.

“ऐकतेयस ना? ताई, हे तू म्हणालीस की मी? खरं सांग. मला काहीच कळेनासं झालंय.”

“काय वाचलंस? कशाने पुसत बसली?”

“चादरीच्या टोकाने.”

“अगं वेडे,” ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला, “आपण दोघी पलंगाच्या बाजूला उभ्या होतो. चादर कुणाच्या अंगावर होती?”

धाकटीने कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली.

“आई म्हणाली ते,” ताई म्हणाली. “आपण तिच्या उशाशी भांडत होतो, तिला कुणाकडे न्यायचं म्हणून. तुझ्याकडे जिना होता, माझ्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, राहू द्या इथेच. मी बाहेर जाऊन तेच डॉक्टरांना सांगितलं.”

“तू सांगितलंस ते मला आठवतंय. तुझ्याच तोंडून आठवतंय.”

“मग? मी सांगितलंच होतं.”

“पण आई म्हणाली, हे तू मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?”

“सांगायचं काय त्यात? तू तिथेच होतीस,” ताई म्हणाली. “मी समजत होते, मी तिचं ऐकलं म्हणून तू माझ्यावर रागावलीस. आणि तुझं बरोबरच होतं, असं मला वाटायचं. तिचं ऐकायला नको होतं.”

धाकटीला आईचा चेहरा आठवेना. चष्मा पुसणारे हात तेवढे दिसत होते, आणि त्यांच्या वर दोघी बहिणींचं भांडण अजून चालूच होतं. इतकी पानं लिहिली, पण आईला बोलायला एक ओळही दिली नव्हती. एक होती, तीही काढून घेतली होती. तिला रडू फुटलं, आणि या वेळी कोण रडतंय याबद्दल काही शंका नव्हती.

“रडून झालं की पुढे वाच,” ताई पलीकडून म्हणाली. “मी फोन ठेवत नाही.”