बारा बोर्ड, बारा माणसं

मी एक जुना सर्फबोर्ड आहे. मित्रांनो, लाटेवर उभं राहून किनाऱ्याकडे घसरत येणारी माणसं तुम्ही चित्रात पाहिली असतील. त्यांच्या पायांखाली जी लांब फळी असते, तोच मी. चित्रात आम्ही नेहमी चकचकीत असतो, आणि माणसं नेहमी हसत असतात. त्या चित्रांवर माझा फारसा विश्वास नाही.

तसा माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. एका पत्र्याच्या शेडमध्ये एका कारागिराने मला हलक्या फोमच्या ठोकळ्यातून कापून, घासून आकार दिला. वर काचतंतूचं कापड चढवलं आणि त्यावर राळ ओतली. राळ वाळायच्या आत तो दोनदा फोनवर बोलायला बाहेर गेला. तेवढ्यात माझ्या डाव्या कडेला एक बुडबुडा राहून गेला, असा मला आजही दाट संशय आहे. "एक नंबर झालाय!" म्हणत त्याने माझी पाठ थोपटली. पाठ थोपटणाऱ्यांपासून मी तेव्हापासून चार हात लांब असतो.

तिथून मी मास्तरांच्या शाळेत आलो. ज्यांना लाटेवर उभं राहायला येत होतं, त्यांनाच या शाळेत प्रवेश होता. पाण्यात जिवावर बेतलं तर स्वतः कसं वाचायचं आणि दुसऱ्याला कसं बाहेर काढायचं, हे मास्तर शिकवत. किनाऱ्यावर एक लाकडी मांडणी होती. तिच्यात बारा खाचा आणि बारा बोर्ड. माझ्यावर सातचा आकडा रंगवला गेला.

धडे आधी वाळूवर व्हायचे. एकाने बुडायचं सोंग घ्यायचं आणि दुसऱ्याने त्याला वाचवायचं. मला उलटं करायचं, दमलेल्या माणसाचे हात माझ्या पोटावरून आडवे ओढून घट्ट धरायचे आणि मग मला सुलटं फिरवायचं. मी फिरलो की माणूस माझ्यावर पालथा येतो. "आणि त्याच्या नि तुमच्या मध्ये कायम बोर्ड ठेवा," मास्तर बजावत. "घाबरलेला माणूस सख्ख्या भावाच्याही डोक्यावर चढतो. ती त्याची चूक नसते. पण तुम्ही त्याच्या हाताला लागू नका."

त्यांचा आणखी एक धडा मला फार आवडायचा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतो. नवख्याला वाटतं, इथूनच जावं. पण तिथेच किनाऱ्यावरचं पाणी परत समुद्रात ओढलं जात असतं. मास्तर सांगत, "शांत पाणी दिसलं की आधी संशय घ्या." असा माणूस आपला गुरू आहे, या विचाराने मी सुखावायचो.

पण याच मास्तरांची एक सवय मला खटकायची. वर्ग सुटला की सगळे आपापला बोर्ड खाचेत ठेवत. मग मास्तर मांडणीसमोर उभे राहत, एकेकावर बोट नेत मोजत आणि म्हणत, "बारा बोर्ड, बारा माणसं. चला, चहा!" मोजताना त्यांची पाठ समुद्राकडे असायची. मला वाटायचं, अहो, आम्हाला काय मोजता? आम्ही बुडत नाही.

शाळेत माझ्यासारखीच संशयी आणखी एक व्यक्ती होती, अक्का. मास्तरांची थोरली बहीण. फुटके-चिरलेले बोर्ड ती दुरुस्त करायची. "कुठेच आपटला नाही हो, अक्का," असं कुणी शपथेवर सांगितलं की ती चष्मा नाकावर सरकवून बोर्डाची शेपटी आधी तपासायची. एकदा तिने माझी दोरी बोटांमध्ये फिरवून पाहिली. ही दोरी एका टोकाला माझ्या शेपटीला आणि दुसऱ्या टोकाला सर्फरच्या घोट्याला बांधतात, म्हणजे माणूस पडला तरी बोर्ड हातचा जात नाही.

"ही आतून विरलीय रे," ती म्हणाली. "बदल."

"अगं, महिनाभर सहज निघेल," मास्तर म्हणाले.

अक्काने नुसतं "हं" केलं. त्या "हं"चा अर्थ मला कळला. मास्तरांना मात्र कळला नाही.

त्या सुमारास मला घेऊन पाण्यात उतरत ते घड्याळवाले. घड्याळं दुरुस्त करणारे, पन्नाशी उलटलेले, चार शब्दांच्या जागी एक बोलणारे गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत. वर्ग संपला की ते मला नळावर नेऊन गोड्या पाण्याने धूत, फडक्याने पुसत, दोरीचे माझ्या शेपटीभोवती तीन वेढे घालत आणि मगच खाचेत ठेवत. इतकी काळजी घेणाऱ्याच्या मनात काहीतरी डाव असणार, असं मला पहिला महिनाभर वाटलं. नंतर ते मला आवडू लागले.

एका सकाळी मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि सगळे किनाऱ्याकडे वळले. काका सर्वांत मागे होते. त्यांच्यावर एक जड लाट फुटली, दोरीला हिसका बसला आणि ती तुटली. मला काही कळायच्या आत पाण्याच्या लोंढ्याने मला किनाऱ्याकडे ढकललं. मागे वळून पाहणं माझ्या हातात नव्हतं. पण काका कुठल्या बाजूला पडले होते, ते मला ठाऊक होतं. त्या बाजूचं पाणी गुळगुळीत होतं.

मी वाळूला लागलो. वर्गात शिकायला येणारी, पेशाने शिक्षिका असलेली एक बाई तिथून जात होती. "काका आज बोर्ड टाकून नळावर पळाले वाटतं," ती हसत म्हणाली आणि मला उचलून सात नंबरच्या खाचेत ठेवून आली. मनाने फार चांगली बाई. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला!

मास्तर आले. बोट फिरू लागलं. पाच, सहा. माझ्यावर बोट आलं तेव्हा माझ्या अंगावरून पाणी निथळत होतं. मित्रांनो, बोर्डाला तोंड नसतं याचं दुःख मला आयुष्यात एकदाच झालं. बोट पुढे गेलं. "बारा बोर्ड, बारा माणसं. चला, चहा!"

थोड्या वेळाने अक्का फडकं घेऊन आली आणि माझ्यापाशी थांबली.

"हा कुणी ठेवला?"

"काकांनीच ठेवला असेल," मास्तर पेला हातात घेऊन म्हणाले.

"न पुसता? आणि दोरीचे वेढे?" तिने माझ्या शेपटीला लोंबणारं टोक वर धरलं. वीतभर दोरी उरली होती. "काका कुठायत?"

"नळावर असतील गं."

"नळावर कुणी पाहिलंय त्यांना? तू पाहिलंस?" ती सगळ्यांकडे वळली. "कुणी पाहिलंय का?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मास्तरांच्या हातातला पेला खाली पडला.

त्यांनी हाताला लागला तो बोर्ड ओढला, तो मीच. पालथे पडून दोन्ही हातांनी पाणी मागे सारत ते मला त्या शांत पट्ट्यातूनच घेऊन गेले, कारण पाणी काकांना जिथे ओढून नेत होतं तिथे तेच आम्हालाही लवकर पोहोचवणार होतं. काका खूप आत दिसले. शिकवल्याप्रमाणे उताणे तरंगत होते. एक हात वर होता, पण तो पुन्हा पुन्हा खाली पडत होता.

आम्ही जवळ गेलो आणि त्या शांत माणसाने एकदम झेप घेतली. मास्तर स्वतःचाच धडा विसरले. त्यांनी हात पुढे केला. काकांनी तो मनगटापासून धरला आणि दोघंही पाण्याखाली गेले. मी एकटाच वर तरंगत राहिलो. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

मग मास्तर हात सोडवून वर आले आणि त्यांनी मला मध्ये सारलं. काकांची नखं माझ्या कडेत रुतली. "काका, बोर्ड धरा! मला नाही, बोर्डाला!" मास्तरांनी मला उलटं केलं, काकांचे हात आडवे ओढले आणि सुलटं फिरवलं. काका माझ्यावर आले. प्रवाहाशी झुंज न देता आम्ही किनाऱ्याला समांतर सरकत गेलो. मग लाटांनीच आम्हाला बाहेर आणलं.

काका बरे दिसत होते, तरी अक्काने दवाखान्याची गाडी बोलावली. छातीत पाणी गेलेल्या माणसाच्या "बरा आहे" वर ती विश्वास ठेवणार नव्हती. गाडी येईपर्यंत काका टॉवेल गुंडाळून वाळूत बसले होते. मास्तरांनी विचारलं, "काका, हाक नाही का मारलीत?"

"मारली की. चार वेळा मारली." काका थांबून थांबून बोलत होते. "मग हात वर धरला. तुम्ही मांडणीसमोर उभे होतात. तुमचं बोट एकेका बोर्डावर जाताना दिसत होतं मला. म्हटलं, आता सातवर थांबतील. तुम्ही बारापर्यंत गेलात, आणि मागे न बघता निघालात."

मास्तर वाळूतच बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मित्रांनो, आता मी पाण्यात जात नाही. नवे विद्यार्थी वाळूवर मला उलटसुलट फिरवून शिकतात. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. आम्हाला धुवा, पुसा, विरलेली दोरी त्याच दिवशी बदला. पण मोजायची वेळ आली की आमच्याकडे पाठ करा. पाण्याकडे तोंड करून उभे राहा, एकेकाला हाक मारा आणि त्याची ओ ऐकू आल्याशिवाय दुसऱ्याला हाक मारू नका.