काचेतली दोन माणसं

चिमट्याचा निरोप सकाळी आला. चष्म्यांच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, आणि चष्मेवालीने तो तिथेच वाकून वाचला.

चिमटा म्हणजे इंटरनेटवरच्या त्या खुल्या ज्ञानकोशाचा एक संपादक. तिथे कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं, आणि बहुतेकांनी टोपणनावाने वावरावं अशी रीत. या गृहस्थाने मात्र नाव अगदी शोभेसं घेतलं होतं. दुसऱ्याच्या लिखाणातून उचललेलं एखादं वाक्य कुठे रुतलेलं असलं, तर हा ते नेमकं धरून बाहेर काढायचा. चष्मेवालीने आईवर लेख लिहायला घेतला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने तिचा अख्खा परिच्छेद उडवला होता, कारण तो जुन्या वर्तमानपत्रातून जसाच्या तसा उतरवलेला होता. ती आधी चिडली, मग शिकली. माहिती घ्यावी, वाक्यं आपली लिहावीत, कुठून घेतलं ते खाली सांगावं. लेख आता छान उभा राहिला होता: बंदरावर क्रेन चालवणारी पहिली बाई. आणि वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या आईचा फोटो.

घोडं अडलं ते त्या फोटोपाशी. चिमट्याने लिहिलं होतं: "फोटो तुम्ही स्वतः काढला, अशी नोंद तुम्ही केली आहे. पण केबिनच्या दाराच्या काचेत दोन माणसं दिसतात. कॅमेरा धरलेला एक तरुण आणि त्याच्या शेजारी दोन वेण्यांची छोटी मुलगी. यातल्या तुम्ही कोण? फोटोवर हक्क काढणाऱ्याचा असतो, घरात प्रत असणाऱ्याचा नव्हे. शनिवार संध्याकाळपर्यंत त्याची परवानगी आली नाही, तर फोटो उतरवावा लागेल."

दोन वेण्या तिच्याच होत्या. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवणाऱ्या बाईला स्वतःच्या घरच्या फोटोतली काच दिसू नये, याला काय म्हणावं? आणि कॅमेरा धरलेला तो तरुण म्हणजे तिचा दादा. आई गेल्यापासून ती ज्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, तोच.

तसं का झालं, तेही सांगून टाकतो. आईच्या शेवटच्या आजारपणात सगळं हिने एकटीने काढलं. दादा दुसऱ्या गावी. फोन केला की म्हणायचा, "बघतो, येतो." तो आला तेव्हा आई गेलेली होती. हिचं डोकं असं तापलं होतं की वर्तमानपत्रात निधनाची बातमी देताना हिने त्याचं नावच गाळलं. मागे एक मुलगी आणि जावई, एवढंच छापून आलं. दादाने ते वाचलं, घडी घालून पेपर टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

आता त्याच्यापुढे हात पसरायचा? त्यापेक्षा काच कापू, असं तिने ठरवलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना संगणकावर फोटो छाटायला बसली. पण काच कापली की क्रेनच्या दांड्यावरचा आईचा हातही जायचा. तो हात गेला की उरायची केवळ खिडकीत बसलेली एक बाई. आईचे बाकीचे सगळे फोटो स्टुडिओतले, आज्ञाधारक चेहऱ्याचे. कामावरची आई एवढी एकच होती.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, एवढं काय त्यात, त्याच्या नावाने एक ईमेल उघड, दोन ओळींची परवानगी लिहून टाक, कोण बघायला येतंय. नवरा तसा भला माणूस, पण चोरवाटा त्याला फार लवकर सुचतात. आणि हिने खरंच लिहायला घेतलं. दादाचं नाव टाइप केलं आणि बोट तिथेच थांबलं. एकदा याचं नाव याला न विचारता खोडलं, आता याला न विचारताच लिहितेय. तिला स्वतःची लाज वाटली. तिने संगणक बंद केला.

शुक्रवारी दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी उभं राहून तिने फोन लावला. तो उचलणार नाही, अशी तिला अर्धीमुर्धी आशा होती.

"बोल," दादा म्हणाला. कशी आहेस नाही, काही नाही.

तिने लेख, फोटो, काच, शनिवार, सगळं एका दमात सांगितलं. त्याने विचारलं, "आत्ता तिथे फोटो काढणारा म्हणून कोणाचं नाव आहे?"

"माझं."

"म्हणजे दुसऱ्यांदा."

जिभेच्या टोकावर उत्तर तयार होतं. तू आला नाहीस, मी तिला एकटीने उचलून बसवत होते, तू बघतो बघतो म्हणत राहिलास. इतकी वर्षं तिने ते धार लावून ठेवलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण आज विचारलं होतं ते दुसरंच.

"हो," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा माझं चुकलं."

मग त्याने विचारलं, परवानगी दिली की पुढे काय होतं. इथे ती गोलमाल करू शकली असती. तिने केली नाही. जगात कोणीही तो फोटो वापरू शकेल, बदलू शकेल, छापून विकूही शकेल, तिने सांगितलं. नाव तेवढं तुझं द्यावं लागेल.

"साबणाच्या वेष्टनावर आई छापली तरी?"

"तरी. आणि एकदा दिलेली परवानगी परत घेता येत नाही."

"हे सांगितलं नसतंस, तर मी हो म्हणून गेलो असतो."

"म्हणूनच सांगितलं."

"बघतो," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच्या 'बघतो'चा अर्थ तिच्याइतका कोणाला माहीत असणार? फोटो गेला असं ती धरूनच चालली. तरी शनिवारी दर गिऱ्हाइकागणिक मोबाइल बघत होती. एका आजोबांच्या चष्म्यात तिने डावी काच उजवीकडे बसवली. ते बिचारे भिंतीला धडकून परत आले, तेव्हा चूक कळली. दुपार सरली. ज्ञानकोशाचं पान ती पुन्हा पुन्हा उघडायची, फोटो अजून आहे ना बघायची आणि बंद करायची.

दिवे लागले. एक बाई तपासणीच्या खुर्चीत बसली होती, चष्मेवाली तिच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होती, तेवढ्यात मोबाइल वाजला. चिमटा. तिने निरोप उघडला.

"परवानगी आली. पडताळली. फोटो राहील. श्रेय आपल्याच शब्दांत द्यावं, अशी काढणाऱ्याने विनंती केली आहे. तसंच लिहिलं आहे, बघून घ्या."

तिने पान उघडलं. आई केबिनमध्ये, हात दांड्यावर, काचेत ती दोघं. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: "छायाचित्र: हिच्या मुलाने काढलेले. काचेत त्याच्या शेजारी, हिची मुलगी."

खुर्चीतली बाई विचारत होती, "ही काच बरी की आधीची?"

"जरा थांबा," चष्मेवाली म्हणाली. "आत्ता मलाच काही दिसत नाहीये."