नवं, सातव्या फेरीत

अंदाज: दादा जेवायला येईल, आधी तिचा डबा संपवेल, मग स्वतःचा उघडेल.
प्रत्यक्ष: तसंच.

धाकटीला हसू आलं. या माणसासाठी मॉडेल लागत नाही. तिचं संगणकावरचं मॉडेल रेणूंसाठी होतं. रेणूची रचना द्यायची, आणि तो किती अंशाला उकळेल, फुप्फुसाला किती त्रास देईल, त्याची वाफ किती अंशाला ठिणगीने भडकेल, हे बाटली उघडण्याआधीच सांगायचं. हजारो रेणूंमधून तिने एक निवडला होता. टाकाऊ काडीकचऱ्यापासून होणारा, बिनवासाचा, गाळून परत परत वापरता येणारा. प्लांटमध्ये औषधाची भुकटी आता त्यानेच धुतली जायची. सगळे त्याला नुसतं 'नवं' म्हणत.

त्याआधीचं ते 'जुनं'. जुन्याने दादाला खोकला दिला होता. नवं आल्यापासून तो खोकला कुठेतरी निघून गेला होता. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. बोललं तर परत येईल म्हणून.

"शर्टाला कसला वास येतोय तुझ्या?"

"मी आज आंघोळ केलीय."

"केळ्यासारखा वास आहे."

"अगं, तुझ्या नव्याचाच. पहिल्या फेऱ्यांना नव्हता. आता सातवी फेरी, आता येतो. पोरं म्हणतात, ज्योतिषीबाईंनी सेंट घातलंय."

"नव्याला वास नाही."

"मग मला नाक नाही." त्याने डबा आवळला. "चल. नवं बघायला पाहुणे यायचेत. टाकीशी केस विंचरून उभं राहायचंय. साठ अंशाला नेऊन दाखवायचं, झाकण उघडं ठेवून. फोटोवाला केवढे दिवे घेऊन आलाय, लग्नच आहे जसं."

तो गेला. वास टेबलापाशी राहिला.

झाकण उघडं. जुन्याच्या वेळी झाकण उघडणाऱ्याची नोकरी गेली असती. नवं नव्वद अंशांपर्यंत भडकत नाही, म्हणून परवानगी मिळाली. नव्वद हा आकडा धाकटीचा.

वास येतो म्हणजे काहीतरी उडतंय. उडतंय म्हणजे ते हलकं आहे. हलकं म्हणजे

ती जागेवर येऊन बसली. वाक्य अर्धंच राहिलं होतं.

भुकटी आधीच्या टप्प्यावरून येते तेव्हा स्पिरिटने ओली असते. जराशीच. नवं आणि जरासं स्पिरिट, वर उष्णता. मोठ्या रेणूचा एक तुकडा सुटतो, स्पिरिटला चिकटतो. होतो एक लहान, हलका, केळ्याच्या वासाचा रेणू. प्रत्येक फेरीत थोडा. गाळणीत तो अडकत नाही. वाया काही घालवायचं नाही म्हणून तेच द्रावण परत टाकीत. परत थोडा. परत.

तिने मॉडेलला नव्याबद्दल विचारलं होतं. नव्याच्या म्हातारपणाबद्दल विचारलं नव्हतं.

आता विचारलं.

अंदाज: पंचावन्न अंशांना भडकेल. कमीजास्त पंचवीस.

कमीजास्त पंचवीस. म्हणजे ऐंशी असेल, तर पाहुणे चहा पिऊन घरी जातील. म्हणजे तीस असेल, तर

(हे वाक्य पुन्हा चालव.)

तीस असेल, तर दादा टाकीशी उभा आहे.

विभागप्रमुख कोट घालून निघालेच होते. तिने दारातच सगळं सांगितलं.

"हलका रेणू तयार झालाय, हे कोणी मोजलंय?"

"नाही. वास आलाय."

"वास." त्यांनी चष्मा काढला. "अंदाजावर प्लांट थांबवायचा?"

"अंदाजावरच सुरू केलाय, सर."

ते चिडले नाहीत. तेच जास्त वाईट. "नमुना लॅबला पाठवा. पण एक लक्षात घ्या. आज सगळ्यांसमोर बंद पडलं, तर उद्या जुनं परत येईल. वर्षभर नव्याचं कोणी नाव काढणार नाही. टाकीवर तुमचाच भाऊ ना?"

ते खरं तेच बोलत होते. थांबवलं तर खोकला. नाही थांबवलं तर

अंदाज: दादा फोन उचलणार नाही.
प्रत्यक्ष: नाही उचलला. टाकीजवळ मोबाइल नेता येत नाही, तो कपाटात वाजत असणार.

कंट्रोल रूमचा फोन सुपरवायझरने घेतला. "टाकी तापवायला वाफ सोडलीय, मॅडम. चाळीस होतायत. छान चाललंय. विभागप्रमुखांचा निरोप आहे का?"

"नाही."

"मग?"

ती पळाली. अंगणातून, पाइपांच्या खालून, हेल्मेट न घालता. त्याबद्दल ओरडणारा पहारेकरी मागे राहिला. लोखंडी जिना. वर पाहुण्यांची पाठ, कोट, अत्तर, आणि त्या सगळ्यावरून केळी. इथे वास गोड नव्हता. घट्ट होता. फोटोवाला दिव्याचा स्टँड टाकीच्या कडेशी सरकवत होता. "थोडं आत बघा, साहेब. हां. अजून थोडं."

काटा अठ्ठेचाळीसवर.

वाफेचा कॉक दादाच्या हाताशी होता. तो फिरवायचा अधिकार त्याचा. तिचा नाही.

तिने त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. म्हातारपण, हलका रेणू, पंचावन्न, कमीजास्त.

"नक्की?" तो म्हणाला.

अंदाज: ती नक्की म्हणेल.
प्रत्यक्ष: "नाही. नक्की नाही."

दादा काट्याकडे बघत होता. "थांबवलं तर उद्या जुनं."

"हो."

"मास्क, रात्रीची उबळ, आईचं उठून बसणं. सगळं."

"हो, दादा."

फोटोवाल्याने दिव्याची वायर बोर्डाकडे नेली.

दादाने कॉक बंद केला. मग झाकणाला हात घातला. "मंडळी, खाली चला. भाऊ, तो दिवा लावू नका. आहे तसाच उचला."

"कोणी सांगितलं?" विभागप्रमुखांनी धाकटीकडे बघत विचारलं.

"मी सांगतोय," दादा म्हणाला.

लॅबमध्ये तपासणी करणारी बाई शांत होती. तिने नमुना पितळी कपात ओतला, झाकण बसवलं. झाकणाला एक लहानशी खिडकी. तिथे मोहरीएवढी ज्योत खाली टेकवायची, उचलायची. थोडं तापवायचं, परत टेकवायची. ज्या अंशाला वाफ भडकेल, तो आकडा लिहायचा. विभागप्रमुख घड्याळाकडे बघत भिंतीशी उभे होते. पाहुणे चहा पीत असावेत.

"ज्योत आधी नुसती लावून बघते," बाई म्हणाली.

फप्.

खिडकीतून निळं काहीतरी वर आलं आणि गेलं. बाईने हात मागे घेतला. परत थर्मामीटर पाहिला.

अंदाज: पंचावन्न, कमीजास्त पंचवीस.
प्रत्यक्ष: खोलीचंच तापमान. हीटर अजून लावलाच नव्हता.

विभागप्रमुख खुर्ची ओढून बसले.

फाटकाशी दादा उभा होता. मागे फोर्कलिफ्ट जुन्याची पिंपं गोदामातून बाहेर काढत होती.

"मॉडेल चुकलं म्हणे तुझं."

"दोन्हीदा."

"कितीला भडकलं?"

तिने सांगितलं. त्याने खिशातून मास्क काढून त्याचा पट्टा ताणून बघितला. पट्टा सैल झाला होता.

"सांग, ज्योतिषीबाई. हे किती दिवस?"

"नाही सांगत."

"का गं?"

"यावेळी रेणू वापरून वापरून जुना झाला, की त्याचं काय होतं ते आधी मोजते. अंदाज नंतर."

दादाने मास्क चढवला आणि आत निघाला.

अंदाज: पहिल्या पिंपाशीच खोकेल.
प्रत्यक्ष: फोर्कलिफ्टच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.