एकवीस किलोमीटर आणि ओटी

"कोण गेलं गं?"

भीमतात्यांनी मोटारसायकल आडवी लावून विचारलं. विजयमाला धापा टाकत थांबली आणि तिनं आधी डोक्यावर ओढणी घेतली.

"कोन न्हाय गेलं, तात्या. पळतीया."

"ते दिसतंय. पर कशापायी?"

"बारामतीत शर्यत हाय. एकवीस किलोमीटरची. तिचा सराव."

तात्यांनी रस्त्याकडं नीट पाहिलं. मागं कुत्रं लागलेलं नव्हतं, पुढं बैल सुटलेला नव्हता. "बस मागं," ते म्हणाले. "सोडतो घरापतुर."

सासरच्या वडीलधाऱ्या माणसाला भर रस्त्यात नको म्हणायची आमच्या लोणी भापकरात पद्धत नाही. ती मुकाट्यानं बसली. घरापाशी उतरली, तात्या दिसेनासे होईपर्यंत दारात उभी राहिली, मग जिथं गाडीवर बसली होती त्या बाभळीपर्यंत चालत गेली आणि तिथून पुन्हा पळत घरी आली. फुकटात मिळालेलं अंतर तिला नको होतं. तात्या पुढंही वरचेवर भेटत राहिले; अशानं तिचा सराव चांगलाच वाढला, आणि त्याचं श्रेय तात्यांना द्यायलाच हवं.

विजयमाला शिवणकाम करते. लग्न होऊन आल्यापासून गावातल्या बायकांचे ब्लाउज आणि पोरांचे गणवेश तिच्याच मशीनवर शिवले जातात. बसून बसून साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्यात फार वेळ मोडतो असं बाईंचं मत पडलं, म्हणून त्या पळायला लागल्या. एवढी साधी गोष्ट, पण गावाच्या पचनी पडायला दिवाळी उजाडली. गिऱ्हाइकं स्कूटी तिच्या बरोबरीनं चालवत विचारायची, "मावशी, माझा ब्लाउज कवा?" आणि ही पळता पळता सांगायची, "बेस्तरवारी. बाह्या आखूड करू का?" एकीनं तर तिला वळणावर थांबवून दंडाचं माप दिलं.

नवरा जोतीराम साखर कारखान्यात नोकरीला. सुरुवातीला त्यानं चेष्टेला काही कमी ठेवलं नाही.

"ते मेडल काय भाकरीसंगं खायचंय का?" एकदा जेवताना त्यानं विचारलं.

विजयमालानं तव्यावरची भाकरी उलटली. "आवो, जल्मभर जे शिवलं ते दुसऱ्याच्या अंगावर गेलं. एवढं एक माझं मला करायचंय. पार शेवटापतुर."

पुढच्या बाजारी जोतीराम बूट घेऊन आला. बायकोचं माप विचारायचं त्याला सुचलं नव्हतं, त्यामुळं ते चांगले बोटभर मोठे निघाले. तिनं पुढं कापडाचे तुकडे कोंबले आणि ते बूट तिला फार आवडले.

शर्यत जानेवारीतल्या रविवारी होती. साडेतीन तासांच्या आत पोहोचणाऱ्या प्रत्येकाला मेडल. विजयमाला शेवटच्या घोळक्यात होती, पण दमानं पळत होती. उसाच्या ट्रॉल्या कडेला थांबवून माणसं टाळ्या वाजवत होती. थंडी होती, पाय हलके होते, आणि आज ब्लाउजचं विचारायलासुद्धा आपल्याला कुणी हाक मारून थांबवत नाही, याचंच तिला इतकं हसू येत होतं की शेजारून पळणाऱ्या बाईनं तिला बरं वाटतंय ना, असं विचारलं.

मग जळोची आली. जळोची तिचं माहेर. 'पाण्याची बाटली घेऊन रस्त्यावर उभी राहा,' असं तिनं भावजयीला, राजलक्ष्मीला, फोनवर सांगितलं होतं. राजलक्ष्मी उभी होती. हातात ताट, ताटात हळदीकुंकू, नारळ, खण, तांदूळ. आणि डांबरी रस्त्याच्या कडेला पाट मांडलेला.

"वन्सं, बसा."

"अगं, शर्यत चाललीया माजी."

"आई गेल्यापास्नं पयल्यांदा दारावरनं चाललाय. मोकळ्या ओटीनं जाऊ दिऊ व्हय?"

आई गेली तशी विजयमाला जळोचीला आलीच नव्हती. आता आपल्याला बोलवायला कोण आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि इथं पाट मांडून वाट पाहणारं माणूस होतं. त्या आनंदात ती बसली.

सोळा किलोमीटर पळून झाल्यावर पाटावर बसू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओटी भरून झाली, ओढणीला गाठ पडली, आणि बाई उठेनात. पाय जागचे हलेनात. अखेर राजलक्ष्मीनं आणि शेजारणीनं काखेत हात घालून तिला उभं केलं. तेवढ्यात मागं पडलेल्यांना उचलून नेणारी शर्यतीची सगळ्यात मागची गाडी आली.

"ताई, बसा आत," गाडीतल्या बाई म्हणाल्या. "तुमची वेळ आता काही जमत नाही."

"न्हाय बसायची," विजयमाला म्हणाली. "वाईट वाटून घिऊ नका."

राजलक्ष्मीचा चेहरा पडला. "माज्यामुळं झालं."

"तू पाट मांडलास म्हून मला म्हायेर हाय ते कळलं. चल, नारळ धर."

राजलक्ष्मीनं पदर खोचला, नारळ काखेत मारला, चपला हातात घेतल्या आणि नणंदेबरोबर निघाली. दोघी थोडं पळाल्या, पुष्कळ चालल्या. आईच्या गोष्टी निघाल्या. त्यात रडू कधी आलं आणि हसू कधी, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

मैदानावर पोहोचल्या तेव्हा कमान उतरवली होती. खुर्च्या टेम्पोत चढत होत्या, मेडलांची खोकी बांधून झाली होती. जोतीराम एकटाच रस्त्याकडं डोळे लावून उभा होता. साखरबाई नावाची एक म्हातारी मैदान झाडत होती.

"मावशी, शेवटची रेघ कुठं हाय वो?" विजयमालानं विचारलं.

"ही की. निम्मी झाडली बघ मी." पांढऱ्या फक्कीची अर्धी रेघ अजून मातीवर होती.

"जरा थांबता का?"

साखरबाईंचा खराटा थांबला. जोतीराम बायकोचा हात धरायला पुढं झाला.

"दाजी, ऱ्हाऊ द्या," राजलक्ष्मी मागूनच म्हणाली. "त्यांची त्यांना वलांडू द्या."

विजयमालानं ओटीची गाठ घट्ट धरली, शेवटची चार पावलं पळाली आणि रेघ ओलांडली.

"कितवा नंबर?" साखरबाईंनी विचारलं.

"शेवटचा," विजयमाला म्हणाली आणि पोट धरून हसली.

साखरबाई मग पुन्हा कामाला लागल्या. सगळं मैदान त्यांनी लख्ख झाडलं. ती अर्धी रेघ तेवढी राहू दिली.